मोजणीसाहेब आणि सुट्टीतलं गाव

मी माळ्यावरून गाद्या खाली सोडत होते आणि बाबा खाली उभे राहून त्या झेलत होते... असा आपला माझा समज. प्रत्यक्षात बाबा केव्हाच शेजारच्या सलूनवाल्या काकांकडे गप्पा ठोकायला सटकले होते, आणि मी "घ्या हो" म्हणून सोडलेली गुंडाळलेली गादी एका अनोळखी तरुणाच्या डोक्यावर जाऊन आदळली होती. वरून मला फक्त गादी दिसत होती आणि तिच्याखालून बाहेर आलेले दोन बूट.

"लागलं का हो?" मी वरूनच विचारलं.

"नाही," गादीखालून आवाज आला. "कापूस चांगला वापरलाय."

मी धडाधड शिडी उतरले. तोवर तो उठून कपडे झटकत होता. केसांत कापूस, चेहऱ्यावर हसू. एवढ्या मोठ्या गादीखाली सापडल्यावर माणूस चिडायला हवा की नाही? हा आपला हसतोय. मला उगाचच त्याचा राग आला.

"दाभण मिळेल का? आणि जाड दोरा," त्याने खांद्यावरची बॅग पुढे केली. तिचा पट्टा उसवून लोंबत होता.

"द्या इकडे. तुम्हाला नाही जमायचं."

"कशावरून?"

"साधी गादी झेलता येत नाही... दाभण काय चालवणार?"

मी पट्टा शिवायला बसले. मधेच मान वर केली तर तो माझ्या हातांकडे बघत होता. मी पाहिल्याबरोबर त्याने नजर छताकडे वळवली. आमच्या छतात बघण्यासारखं काही नाही. नुसत्या बादल्या टांगलेल्या आहेत.

"एवढ्या बादल्या?"

"लोक आंघोळ करतात," मी म्हटलं.

तो पुन्हा हसला. आणि मी बोटात दाभण टोचून घेतलं.

तेवढ्यात बाबा आले. त्याने त्यांना स्वतःची ओळख करून दिली तेव्हा समजलं, साहेब एका बड्या कंपनीचे. साबणापासून सोफ्यापर्यंत सगळं एका छपराखाली विकणाऱ्या त्या थंडगार दुकानांपैकी एक आमच्या गावात काढायचं की नाही, हे ठरवायला आले होते. जागाही हेरून ठेवलेली, आमच्या बरोब्बर समोरचं बंद पडलेलं थिएटर. गावात माणसं किती, खरेदीला बाहेर पडतात किती, हे मोजून कंपनीला कळवायचं हे त्याचं काम. बाबांनी हसून त्याला पाणी दिलं, आणि तो गेल्यावर खुर्चीत मटकन बसले.

बाबांची काळजी खोटी नव्हती. आमचं दुकान कॉलेजच्या फाटकाला लागून. आईने जिन्याखालच्या बोळकांडीत सुरू केलेलं, ती गेल्यावर बाबांनी नोकरी सोडून वाढवलेलं. पहिल्यांदा घर सोडून आलेल्या पोराला जे जे लागतं ते सगळं आमच्याकडे मिळतं. गादी, बादली, कुलूप, कपडे वाळत घालायची दोरी, टेबलावरचा दिवा. समोर तसलं दुकान आलं असतं तर आमचा गाशा गुंडाळायला वर्षही लागलं नसतं.

आता गंमत ऐका. सरकारी कागदावर आमचं गाव अगदीच किरकोळ आहे. कारण कॉलेजची मुलं त्यांच्या आईवडिलांच्या गावी मोजली जातात. इथे ती नुसती राहतात, जेवतात, आजारी पडतात, प्रेमात पडतात. आमच्या कॉलेजला वसतिगृह नाही, त्यामुळे गावातल्या जवळपास प्रत्येक घराने वरची खोली मुलांना भाड्याने दिलेली आहे. कॉलेज चालू असलं की गाव दुप्पट होतं आणि बाजारात पाय ठेवायला जागा नसते. सुट्टी लागली की खोल्यांना कुलपं आणि रस्त्यावर शुकशुकाट. कंपनीने आपला माणूस पाठवला तो नेमका सुट्टीत.

सलूनवाल्या काकांकडे तातडीची बैठक भरली. ठराव झाला की मुलांबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही. कुणी विचारलंच तर कॉलेज लहान आहे, मुलं गावातलीच आहेत, घरून येऊन-जाऊन करतात, असं सांगायचं. कॉलेजच्या वॉचमनलाही पढवून ठेवलं. बेकरीवाल्या मावशी म्हणाल्या, "पण दिसायला बरा आहे हो मुलगा." सगळ्यांनी त्यांच्याकडे डोळे वटारले. मी मात्र खाली बघत होते.

बाजाराने त्याचं नाव मोजणीसाहेब ठेवलं. चौकात खुर्ची टाकून तो बसायचा, हातात एक छोटं यंत्र. माणूस समोरून गेला की टिक. आमच्या लोकांनी मग असा काही उत्साह दाखवला की विचारू नका. जो तो मागच्या गल्लीने जायला लागला. सलूनवाले काका स्वतःच्याच खुर्चीत तोंडावर टॉवेल टाकून घोरत पडले. शिंपीकाकांनी भर दुपारी दार ओढून घेतलं. इतकं छोटं दिसायच्या नादात आम्ही गावच नाहीसं करून टाकलं.

त्या दिवशी चौकातून फक्त मी जात-येत होते. कामं होती मला. निदान मी बाबांना तरी तसं सांगितलं होतं.

"आजचा आकडा सांगू?" मी जवळून जाताना तो म्हणाला. "एक कुत्रा आणि तुम्ही."

"कुत्र्यालाही मोजलंत?"

"नाही. तुम्हाला मात्र प्रत्येक वेळी मोजलं."

"एकाच माणसाला इतक्यांदा मोजतात?"

"मोजत नाहीत..." तो यंत्राकडे बघत म्हणाला. "पण बोट ऐकत नाही."

मी झपझप पुढे निघून गेले. मागून टिक असा आवाज आला. मी वळून पाहिलं नाही, पण माझे कान तापले होते.

मग तो दुकानात यायला लागला. कधी पेन, कधी साबण, कधी नुसतंच "पाऊस पडेल का हो?" आभाळात ढगाचा पत्ता नसायचा. मी त्याला चिडवायची, तो चिडायचा नाही, आणि मला पुन्हा त्याचा राग यायचा. एकदा त्याने गाद्यांच्या चळतीला टेकून विचारलं, "एक विचारू? या गाद्या सगळ्या एकट्या माणसाच्या मापाच्या. गावात कुणी जोडीने झोपतच नाही का?"

"तुम्हाला काय करायच्यात चौकशा?" मी म्हटलं, आणि तो इतका लाजला की पुढचं विचारायचं विसरला. मी वाचले. पण खरं लपवलं ते लपवलंच. आजवर एखाद्या गिऱ्हाइकाशीसुद्धा मी असं वागले नव्हते.

निघायच्या दोन दिवस आधी तो पायरीवर बसला होता. वारा सुटला होता. समोरच्या थिएटरचं पत्र्याचं दार उगाच वाजत होतं.

"कंपनी हो म्हणाली तर?" मी विचारलं.

"तर इथला मॅनेजर मी. तसं ठरलंय."

"आणि नाही म्हणाली तर?"

"तर पार दुसऱ्या टोकाला. खूप लांब. तिथून इकडे..." तो थांबला. "तिथून इकडे येणं व्हायचं नाही."

"काय वाटतं, काय म्हणतील?"

"माझ्या आकड्यांवरून? नाहीच म्हणतील. एवढ्याशा गावात कोण दुकान काढेल?"

आम्ही जिंकलो होतो. बाबा त्या संध्याकाळी शीळ घालत होते. मी मात्र एका बाईंना कुलपाऐवजी साबण दिला, आणि त्या बिचाऱ्या परत आल्या तेव्हा पुन्हा साबणच दिला. डोक्यात एकच घोळत होतं. मी गप्प बसले तर दुकान राहील आणि तो जाईल. मी बोलले तर तो येईल, पण समोर येईल, आणि आईचं दुकान बसेल. कितीही उलटंसुलटं करून पाहिलं तरी दोन्ही काही एका ठिकाणी राहत नव्हतं.

त्याची बस सकाळची होती आणि कॉलेज दुसऱ्या दिवशी उघडणार होतं. बाबांना "आलेच" म्हणून मी स्टँड गाठला. धापा टाकत, ओढणी कुठे, केस कुठे. तो बसच्या पायरीवर एक पाय ठेवून उभा होता.

"जाऊ नका. उद्यापर्यंत थांबा."

"का? काय झालं?"

"तुमचा आकडा चुकलाय. आम्ही चुकवलाय." आणि मग मी सगळं सांगून टाकलं... खोल्या, कुलपं, मुलं, सलूनवाल्या काकांची झोप. कंडक्टरने दोनदा बेल मारली. बस गेली. तो तसाच उभा.

"हे सांगितलंत तर तुमच्या दुकानाचं काय होणार, माहितीये ना?"

"माहितीये."

"मग का सांगितलंत?"

"तुम्हाला काहीच कसं कळत नाही हो?" माझा आवाज चिरकला. "तुम्ही परत यायला हवं म्हणून."

तो नुसता बघत राहिला, आणि या वेळी त्याने नजर चोरली नाही.

दुसऱ्या दिवशी गाव भरलं. बसमागून बस येत होती, बॅगा, पेट्या, उशा, सोबत आलेले आईवडील. मोजणीसाहेब चौकात टिकटिक करत होते. थोड्याच वेळात त्याने ते यंत्र खिशात टाकलं आणि सरळ आमच्या दुकानात शिरला, कारण दारात गर्दी उसळली होती आणि बाबांची त्रेधा उडाली होती. मी माळ्यावरून गाद्या सोडत होते, तो खाली झेलत होता. एकही चुकली नाही. एक आई मुलासाठी कुलूप घेताना रडायला लागली तर त्याने तिला स्टूल दिलं. मुलं त्याला "दादा, बादल्या कुठे ठेवल्यात?" विचारायला लागली आणि तो सांगायलाही लागला.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून बाबा म्हणाले, "तू सांगितलंस ना त्याला?"

"हो."

"का गं?"

"तो निघाला होता, बाबा. मला तो आवडतो. दुकानही हवंय आणि तोही हवाय. आता काय करू ते तुम्हीच सांगा."

बाबा बराच वेळ कुलपांचे डबे उगाच सरळ करत राहिले. "तुझी आईसुद्धा असंच बोलायची," ते शेवटी म्हणाले. "समोरच्याला उत्तरच सुचायचं नाही." रागावले असते तर बरं झालं असतं. मी रडले, आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मोजणीसाहेब आणखी थोडे दिवस राहिले, पुन्हा सगळं मोजलं आणि गेले. मग काहीच नाही. फोन आला की माझा जीव वरखाली व्हायचा आणि पलीकडून कुणीतरी विचारायचं, "ताई, दोरी आहे का?" बाजाराला सगळं समजलं होतं. कुणी मला बोल लावला नाही, पण शिंपीकाका थिएटरकडे बघून सुस्कारे टाकायचे आणि ते मला ऐकू जाईल असे टाकायचे.

एका दुपारी तो दारात उभा राहिला. मी उठले ती तशीच उभी राहिले.

"कंपनी नाही म्हणाली," तो म्हणाला.

"पण... खरं सांगितलंत ना?"

"सगळं. भरलेलं गाव सांगितलं, रिकामंही सांगितलं. सुट्टी लागली की तुम्ही अर्धे दिवे मालवता. मावशी एक भट्टी विझवतात. काका झोपतात. आमच्या दुकानाला झोपता येत नाही. एवढे नोकर, एवढी वीज... रिकाम्या महिन्यांत ते बुडेल, हेही लिहिलं."

"म्हणजे मॅनेजरपद गेलं तुमचं."

"गेलं. खरं दोन्ही बाजूंनी लिहायचं होतं ना." त्याने घसा खाकरला. "मला लांब पाठवत होते. मी इथून दोन तासांवरची जुनी शाखा मागून घेतली. मॅनेजर नाही, हाताखालचा. रविवारी सुट्टी असते. म्हटलं, दर रविवारी... आलो तर चालेल?"

मी काउंटरला वळसा घालून त्याच्या समोर आले.

"अहो, मी तुमच्यासाठी आईचं दुकान पणाला लावलं," मी म्हटलं, "आणि तुम्ही नुसता रविवार मागताय?"

"मग... सगळे वार मागू?"

"मागून तर बघा."

"मागतो," तो म्हणाला. कपाळावर घाम होता. "लग्न कराल माझ्याशी?"

"हो," मी म्हटलं. एवढ्या मोठ्याने की शेजारच्या सलूनमधल्या गप्पा बंद पडल्या.

सलूनमधून बाबा आले, अर्धी दाढी झालेली, गालाला फेस. त्यांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि लगेच व्यवहारावर आले. "लग्न सुट्टीत करायचं. तेव्हा गाव रिकामं असतं, जेवायला माणसं कमी."

"मुळीच नाही," मी म्हटलं. "कॉलेज चालू असताना करायचं. मला सगळं गाव हवंय, मुलांसकट."

"अगं, एवढ्या माणसांना जेवायला कोण घालणार? आधी किती होतील याचा तरी अंदाज आहे का?"

"तो माझ्याकडे आहे," मोजणीसाहेब म्हणाले, आणि बाबांच्या देखत त्याने माझा हात धरला.