भोकं नसलेली पेटी

गेल्या वैशाखात आमच्या मेटेगावचा भोंगा तीन किलोमीटरवरच्या गुराख्याला ऐकू आला, आणि भोंग्याच्या खांबापासून तीस पावलांवर झोपलेल्या माझ्या आजीला ऐकू आला नाही. त्या दुपारी आजीसकट अकरा जण गेले.

असं कसं झालं, हे वर्षभर मला कुणी धड सांगेना. मोठी माणसं ‘देवाची मर्जी’ म्हणायची आणि विषय बदलायची. मला या उत्तराचा अजून राग येतो. भोंगा काही देवाने बनवला नव्हता. तो माझ्या आबाजींनी बनवला होता.

आबाजी म्हणजे माझ्या मायचे वडील, शामराव वांढरे. खाणीतल्या खडकांचे बारीक आवाज ऐकून छत कधी कोसळेल हे सांगणारे ते शास्त्रज्ञ. आजी गेल्यावर त्यांनी बोलणंच टाकलं. जेवायला बोलावलं की यायचे, जेवायचे आणि परत भिंतीकडे तोंड करून बसायचे.

आमचं गाव जुन्या कोळसा खाणीच्या काठावर आहे. खाण बंद होऊन जमाना झाला, पण जमिनीखालचा कोळसा अजून धुमसतो. कधीकधी भेगांमधून कार्बन मोनॉक्साइड वर येतो (रंग नाही, वास नाही, असा विषारी वायू, माणूस झोपेत असेल तर झोपेतच जातो). उन्हाळ्यात पारा बावन्नवर पोचतो, म्हणून सगळे बंदघरात राहतात (दीड फूट जाड, आत फेस भरलेल्या भिंतींचं घर, एक दार आणि बाहेरची हवा आत ओढणारा एक पंखा). उन्हामुळे अकरा ते पाच फोनचे मनोरेही बंद असतात. खाणीकाठच्या यंत्राला वायू लागला की पंचायतीत लाल दिवा पेटतो. मग भोंगा वाजायचा, लोकांनी पंखा बंद करायचा आणि टेकडीवर जायचं, अशी पद्धत.

यंदा मार्चमध्ये एका सकाळी आबाजींनी मला हाक मारली. "प्रणोती, घरात जाऊन दार लावून बस. काय ऐकू येते ते सांग मले."

मी आत बसले. काहीच ऐकू आलं नाही. मग एकाएकी मांडणीवरची भांडी थरथरली, आणि माझ्या छातीत काहीतरी घुमलं. मी बाहेर आले. दारासमोर आबाजी शिट्टी घेऊन उभे होते, आणि रस्त्याच्या पार टोकाला नत्थूकाकांची जीप चालली होती. नत्थूकाका म्हणजे गावचे सुतार. गाण्यांचा भारी नाद. त्यांच्या जीपमध्ये आवाजाचा एवढा मोठा डबा होता की सगळं गाव त्यांना शिव्या द्यायचं.

"मी दारात उभा राहून जीव खाऊन शिट्टी फुकली, ते नाही ऐकलं तू," आबाजी म्हणाले. "अन् थो नत्थ्या तिकडून गेला, थे ऐकलं."

"काहून पण?"

"शिट्टीची वारंवारता (एका सेकंदात हवा किती वेळा थरथरते तो आकडा) तीन हजार. असा आवाज उघड्या रानात दूर जाते, पण जाड भिंतीत अडकते. नत्थ्याच्या डब्याची चाळीस. इतक्या सावकाश थरथरणाऱ्या आवाजाले भिंत पुरती अडवू शकत नाही, ती स्वतःच त्याच्यासंगं हलते." त्यांनी शिट्टी खिशात टाकली. "माहा भोंगा शिट्टीसारखा होता. बंदघरं नवी होती, मी ध्यानातच घेतलं नाही. तुही आजी माह्या चुकीनं गेली, पोरी."

मला त्यांना सांगता आलं असतं की तुमची चूक नाही. पण ती होती. मी फक्त विचारलं, "आता काय करायचं?"

करायचं होतं ते असं: जीपमधला गाण्यांचा डबा गाढ झोपलेल्या माणसाला उठवण्याएवढा जोरात नव्हता, म्हणून तो काढून तिथे त्याहून जोरात घुमणारा भोंगा बसवायचा.

नत्थूकाकांकडे तीन वूफर पडून होते (वूफर म्हणजे खालच्या पट्टीतले, घुमणारे आवाज काढणारा मोठा स्पीकर). अठरा इंची सगळ्यात रुबाबदार. मी तोच उचलणार होते. आबाजींनी थांबवलं. जितका स्पीकरचा पडदा (हवा ढकलणारा समोरचा गोल भाग) मोठा तितकी त्याला पेटी मोठी लागते, आणि एवढी पेटी जीपमध्ये मावणार नव्हती. बारा इंचीचा पडदा त्यांनी दोन्ही हातांनी सरळ आत दाबला तर आतून खरखर आली. आतली कॉइल (तांब्याच्या तारेचं वेटोळं, वीज गेली की तेच पडदा हलवतं) घासत होती. राहिला पंधरा इंची. त्याची रबरी कड शाबूत होती, पडदा अलगद आत जाऊन परत येत होता. तो घेतला.

त्यावर ठसठशीत अक्षरांत ‘दोन हजार वॅट’ लिहिलं होतं. आबाजी पहिल्यांदाच हसले. "हा आकडा क्षणभराचा. एक डाव उडी मारणं येगळं अन् दिवसभर चालणं येगळं. हा सतत पाचशेच पेलते." म्हणून अॅम्प्लिफायरही (आवाजाच्या विजेला बळ देणारं यंत्र) सतत पाचशे देणारा निवडला. जीपची बॅटरी बारा व्होल्टची. त्यातून एवढी ताकद काढायची म्हणजे पन्नास अँपिअरच्या वर प्रवाह. बारीक तार घातली तर तीच तापून वितळेल, म्हणून करंगळीएवढी जाड तांब्याची तार, बॅटरीला अगदी लागून फ्यूज, आणि वाजवताना इंजिन चालूच ठेवायचं, नाहीतर बॅटरी झोपते.

मग त्यांनी तो वूफर पेटीशिवाय, नुसता जमिनीवर उभा करून वाजवला. एवढा मोठा पडदा धडधडत होता आणि आवाज मात्र डासाएवढा! मी चक्रावले.

आबाजी मला हौदापाशी घेऊन गेले. जेवणाची ताटली पाण्यात उभी धरून सावकाश पुढे-मागे हलवायला लावली. पाणी पुढे ढकललंच जात नव्हतं. ताटलीच्या कडेने वळून मागे पळत होतं.

"पडदा पुढं येते तवा समोरची हवा दाबली जाते, अन् त्याच घडीले मागची हवा विरळ होते," ते म्हणाले. "समोरची कडेनं मागं जाते अन् दोन्ही एकमेकींले खाऊन टाकतात. म्हणून मागची हवा कोंडायची. पेटी पाहिजे थे त्याच्याचसाठी."

नत्थूकाकांनी जाड प्लायवूडची नव्वद लिटरची पेटी बनवली. सांधे सरसाने भरले, भिंती थरथरू नयेत म्हणून आत आडवी पट्टी ठोकली, थोडा कापूस भरला. अशा पेटीला मोजूनमापून एखादी नळीही बसवतात, त्याने आवाज वाढतो. पण माप चुकलं तर फायदा राहतो बाजूला. आबाजींनी पूर्ण बंद पेटीच घ्यायची ठरवली. वाजवून पाहिली तर पन्नास पावलांवरच्या बंदघरात भांडी वाजली. आता रंग दिला आणि जीपमध्ये चढवली की काम झालं, असं आम्हाला वाटलं.

एप्रिलच्या नऊ तारखेला, दुपारी एक वाजता लाल दिवा पेटला.

आबाजी, मी आणि नत्थूकाका पंचायतीतच होतो. तिघांनी वायू अडवणारे मुखवटे चढवले आणि जीप खालच्या आळीत नेली. वारा तिकडेच वाहत होता. चाळीस घरं, सगळी बंद. तिसऱ्या घरात माझी माय झोपली होती; रात्री ती शीतगृहात कामाला असते. शेवटच्या घरात नत्थूकाकांचे म्हातारे वडील, काशिनाथबुवा.

आबाजींनी बटण दाबलं. पडदा फडफडला, पार बाहेर येऊन आदळत होता. पण छातीत काही घुमलं नाही. एकही दार उघडलं नाही.

"वाढव!" नत्थूकाका ओरडले.

"पूर्ण आहे!" आबाजी म्हणाले.

मी उडी मारून उतरले आणि मायच्या दाराकडे पळणार, तोच आबाजींनी दंड धरला. "एक दार ठोकशील का चाळीस?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हात सोडला नाही. त्या क्षणी मला त्यांचा तिरस्कार वाटला, हे खरं आहे.

मी हिसका दिला, तोल गेला आणि जीपमधल्या पेटीवर आपटले. माझा हात पेटीच्या पाठीमागे, खाली गेला. तिथून वारा येत होता. दर ठोक्याला फुस, फुस.

"आबाजी, हवा बाहेर येते! इथं भोकं आहेत!"

सोळा भोकं होती, दोन ओळींत, अगदी सफाईने पाडलेली. नत्थूकाकांनी वाकून पाहिलं. "मीच पाडले," ते म्हणाले. "काल रंग देल्यावर. कॉइल उकडून जळन म्हणून..."

आमच्याकडे पेटी म्हटली की भोकं आलीच. धान्याची असो, कपड्यांची असो, बॅटरीची असो. भोकं नसतील तर बावन्न अंशांत आतला माल नासतो. लहान पोरसुद्धा खेळण्यातल्या डब्याला आधी भोक पाडतं. नत्थूकाकांनी काळजीपोटी, कुणाला न सांगता, नेहमीची गोष्ट केली होती. आणि कोंडलेली हवा मोकळी झाली होती.

नत्थूकाकांनी हत्यारांची पिशवी उपडी केली. काचा बसवायची लांबी निघाली. मी ती बोटांनी भोकांत कोंबत गेले, त्यांनी वरून फळी लावून स्क्रू आवळले. घाईत दोन स्क्रू मातीत पडले. मध्येच त्यांनी आळीच्या शेवटाकडे पाहिलं, आणि पुन्हा मान खाली घातली. त्यांनाही पळता आलं असतं. अकरा मिनिटं लागली.

आबाजींनी पुन्हा बटण दाबलं, आणि जमीन घुमली. पत्रे, खिडक्यांच्या कड्या, माझे दात, सगळं थरथरलं. पहिलं दार उघडलं. मग दुसरं. तिसऱ्यातून माय बाहेर आली, विस्कटलेल्या केसांनी, ओढणी तोंडाला लावून. "भांडे पडले सारे!" असं ती ओरडत होती. मी तिला मिठी मारली नाही, टेकडीकडे ढकललं. जीप पुढे सरकत गेली आणि दारं उघडत गेली.

मी मोजत होते. एकोणचाळीस उघडली.

शेवटचं घर भेगेला सगळ्यात जवळ होतं. नत्थूकाका दार फोडून आत गेले आणि वडिलांना दोन्ही हातांवर उचलून बाहेर आले. त्यांनी मुखवटा स्वतःचा काढून बुवांना लावला होता. त्याचा आता उपयोग नव्हता. आबाजींनी तो परत नत्थूकाकांच्या तोंडावर बसवला.

तेरा दिवस नत्थूकाका घराबाहेर पडले नाहीत. लोक त्यांना म्हणत, तुमची काही चूक नाही. चौदाव्या दिवशी आबाजी गेले, मीही गेले. आबाजी त्यांच्याशेजारी खाली बसले.

"चूक तुही आहे," ते म्हणाले. "माही पण होती. माह्या चुकीनं अकरा गेले. मी वर्षभर भिंतीकडं पाहत बसलो, नत्थ्या, अन् त्या वर्षात एकही पेटी झाली नाही. खाणीकाठी आणखी सहा गावं आहेत."

नत्थूकाकांनी मोजपट्टी जवळ ओढली. मग उठले आणि प्लायवूड मोजायला लागले.

सहा पेट्या झाल्या. प्रत्येक पेटी बंद करताना ते मला बोलवायचे. मी सगळ्या सांध्यांवरून ओला तळहात फिरवायचे. कुठे हवा निसटली तर ओल्या हाताला गार लागतं. मग ते म्हणायचे, "आता लिही." आणि मी पाठीवर तापलेल्या सळईने लिहायचे: ‘भोक पाडू नका. आतली हवा बाहेर गेली, तर आवाज घरात जात नाही.’ पहिल्या पेटीच्या वेळी त्यांनी सांगितलं, खाली माह्या बापाचं नाव टाक. तेव्हापासून सगळ्यांवर ते आहे.

काल त्या सहा गावांपैकी पाथरमेट्यात दुपारी दोन वाजता लाल दिवा पेटला. तिथली जीप माझ्याच वयाच्या मुलीच्या आईने चालवली. आज सकाळी मनोरे सुरू झाल्यावर त्या मुलीचा फोन आला. तिने नमस्कारही केला नाही, एकदम आकडाच सांगितला.

पाथरमेट्यात एकोणसत्तर घरं आहेत. एकोणसत्तर दारं उघडली.