उतारावरचं वजन

विश्वास ठेवा असा माझा आग्रह नाही. पण हे माझ्या सख्ख्या मामा-मामीच्या बाबतीत घडलंय आणि दोघंही उगाच काहीतरी पसरवणाऱ्यातले नाहीत. मामा दातांचे डॉक्टर. मामी घोडेस्वारी शिकवते. गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. वेळ दिवेलागणीची, जागा डोंगरातला लांबलचक उतार.

मामीच्या म्हाताऱ्या घोडीच्या पायाचं ऑपरेशन ठरलं होतं. तिला न्यायला ट्रेलर हवा होता. डोंगरापलीकडे एका म्हाताऱ्याकडे जुना ट्रेलर मिळाला. आत दोन घोड्यांची जागा, मधे एक दांडी, मागे खाली पडणारा रॅम्प.

मामांनी नवीन हायब्रिड गाडीला मागे हूक बसवून घेतला होता. मामा काळजीखोर. गाडी किती वजन ओढू शकते, हे त्यांना तोंडपाठ.

"ट्रेलर आणि एक घोडा," ते वाटेत म्हणाले होते. "त्याच्या वर काही नाही. आज तर नुसता रिकामाच आणायचाय."

म्हाताऱ्याने ट्रेलर दाखवला. पण स्वतः लांबच उभा राहिला. रॅम्प उघडाच होता, कडेने गवत वाढलेलं. मामांनी तो बंद करून कडी घातली, हूक अडकवला, साखळ्या लावल्या, टायर आणि मागचे दिवे तपासले.

निघताना म्हातारा एवढंच म्हणाला, "सावकाश न्या."

धुकं उतरायला लागलं होतं.

सपाट रस्त्यावर इंजिन बंद झालं आणि गाडी बॅटरीवर चालू लागली. हायब्रिडचं हेच असतं... सगळं एकदम शांत होतं.

त्या शांततेत मागून आवाज आला.

ठक्...

"साखळी असेल," मामा म्हणाले.

साखळीचा आवाज मामीला माहीत होता. आणि हाही माहीत होता.

ठक्... ठक्...

उभ्या उभ्या कंटाळलेला घोडा एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतो, तसा.

मामांनी गाडी कडेला घेतली. दोघं उतरले. साखळ्या नीट होत्या, हूकही पक्का होता. पण गाडीचा मागचा भाग दबला होता. निघताना दबलेला नव्हता.

मामीने रॅम्प उघडला.

आत कोणी नव्हतं.

ती आत गेली. खाली रबराची चटई होती. बाहेर हात गारठत होते. सवयीने तिने चटईवर तळवा टेकवला...

डाव्या बाजूची चटई कोमट होती.

"काय गं?" मामांनी बाहेरून विचारलं.

"काही नाही. चला, अंधार पडायच्या आत खाली पोहोचू."

हे तिने त्यांना का सांगितलं नाही, ते तिलाच माहीत.

चढावर इंजिन धापा टाकत होतं. मामांचा चेहरा उतरला. "रिकामा ट्रेलर इतका जड कसा?" ते दोनदा पुटपुटले.

मग उतार लागला.

अशा गाडीचा उतारावर एक फायदा असतो. चाकंच बॅटरी भरतात आणि त्याच ओढीने गाडी आवरली जाते. पण मागच्या वजनाने बॅटरी भराभर भरली. ती भरली, आणि ओढ गेली.

ट्रेलर मागून ढकलायला लागला.

एका वळणावर तो झुलला. आधी थोडा... मग जास्त. गाडीचं बूड डावीकडे, उजवीकडे फरपटायला लागलं. एका बाजूला दरी होती. धुक्यात ती दिसत नव्हती, एवढंच.

"जोरात ब्रेक मारू नका," मामी म्हणाली.

"माहितीये मला." मामांनी ॲक्सिलरेटर सोडला, गियर खालचा घेतला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. घाबरून उलटसुलट वळवलं की संपलंच, हे त्यांना ठाऊक होतं. सगळं नियमाने केलं.

तरी ट्रेलर थांबेना.

कारण आतलं वजन इकडून तिकडे धावत होतं.

धाड्... धाड्...

मामीला तेव्हा कळलं. आत जे होतं, ते घाबरलं होतं. त्या दोघांइतकंच.

तिने खिडकीची काच खाली केली. मान बाहेर काढली आणि मागे बघत, नवख्या घोड्याशी बोलते त्या आवाजात बोलू लागली.

"हो... हो... शहाणी ना तू? उभी राहा बघू. मी आहे इथे... हो..."

मामा सांगतात, तो आवाज ऐकून त्यांच्या अंगावर काटा आला. ट्रेलरच्या आवाजाने आला नव्हता एवढा.

मागची धडधड मंदावली. एक ठक्. आणखी एक. मग वजन मधोमध येऊन थांबलं. ट्रेलर सरळ झाला.

पायथ्यापर्यंत मामी बोलतच होती. घसा कोरडा पडला तरी.

घरी पोहोचल्यावर तिने म्हाताऱ्याला फोन लावला. ती काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, "उतरली का?"

"कोण?"

"इथे रॅम्प कायम उघडा ठेवला होता मी," तो म्हणाला. "नाही उतरली. मला वाटलं, नवीन जागी..."

फोन बंद झाला. पुन्हा कधी लागला नाही.

म्हाताऱ्या घोडीला दुसऱ्याच्या गाडीतून नेलं. मामा ठाम होते. "एका घोड्याचीच परवानगी आहे," ते म्हणाले, आणि मामी हसली नाही. ऑपरेशन नीट झालं. घोडी परत आली.

ट्रेलर अंगणातच उभा होता, रॅम्प उघडा. मामी रोज संध्याकाळी तिथे जाऊन दोन शब्द बोलायची. मामा खिडकीतून बघायचे.

एका सकाळी ट्रेलरचा मागचा भाग वर उचललेला दिसला. वजन गेल्यासारखा.

मामी तबेल्याकडे धावली. म्हातारी घोडी तिच्या खणात अगदी भिंतीला चिकटून उभी होती. अंग थरथरत होतं. उरलेली जागा तिने मोकळी सोडली होती.

मी मागच्या महिन्यात तिथे गेलो होतो. घोडी अजून तशीच उभी राहते. मामी म्हणते, होईल सवय.

कोणाला, ते मी विचारलं नाही.