आग्रहाचा हातमोजा

बाळांनो, जरा कल्पना करा. तुम्हांला औषध द्यायचं आहे, पण ते आधी तुमच्या सावलीला देऊन बघायचं. सावलीला काय त्रास झाला ते पाहून मगच तुम्ही ठरवायचं. ज्या काळातली ही गोष्ट आहे, त्या काळात असं खरोखर करत. रुग्णाच्या रक्तातून पेशी वाढवायच्या, त्यांचं वागणं संगणकाला शिकवायचं आणि त्या माणसाचा हुबेहूब नमुना संगणकात उभा करायचा. त्याला 'छायादेह' म्हणत. माणसाचं अख्खं वर्ष छायादेह एका दुपारी जगून दाखवी.

हर्णै बंदरावरच्या चांगुणाबाई पावसे यांना स्वादुपिंडाचा, म्हणजे जठरामागे दडून बसलेल्या ग्रंथीचा, कर्करोग झाला होता. त्यांचा छायादेह काय सांगतो ते ऐकायला त्या डॉ. सामंतांच्या दवाखान्यात आल्या, तेव्हा सोबत दहा वर्षांची नात साजिरी होती. घरात त्या दोघीच.

"दोन मार्ग आहेत," डॉ. सामंत म्हणाले. "एकच औषध घेतलंत तर थकवा येईल, मधूनच ताप, रक्तातल्या पांढऱ्या पेशी थोड्या कमी होतील. बाकी तुम्ही तुमच्यासारख्या राहाल. त्यावर तुमच्या छायादेहाने आठ महिने काढले. चार औषधं एकत्र दिली, तेव्हा सव्वा वर्ष."

"मग चारच द्या," साजिरी म्हणाली.

"थांब गो. नुसता आकार बघून मासा घेतेस काय? पुरतं बोलू दे त्यांना."

डॉक्टर हसले. "चारांमध्ये उलट्या-जुलाब जास्त. पांढऱ्या पेशी फार घटतात, मग साधा तापही जिवावर बेततो. शिवाय त्यांतलं एक औषध नसांना दुखावतं. सुरुवातीला थंड वस्तू हाताला टोचते. पुढे बोटं बधिर होतात."

चांगुणाबाईंनी आपली बोटं पाहिली. बर्फाच्या खोक्यात हात घालून, न बघता, सोलट जातीची कोळंबी एकीकडे आणि कापशी जातीची एकीकडे करणारी बोटं. माल आजचा की कालचा, हे बंदरावरच्या बाया लिलावाआधी त्या बोटांना विचारून घेत.

"मग एकच बरं," त्या म्हणाल्या. "बर्फाला हात लावत नाही ती कोळीण कसली? सव्वा वर्ष घरात बसून करू काय?"

"मला ओरड," साजिरी म्हणाली. मग तिचा चेहरा पडला. "आजी, चार घे ना. माझ्यासाठी घे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. नातेवाईक प्रेमापोटी आग्रह करतात आणि सोसावं मात्र रुग्णाला लागतं, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. म्हणून त्यांनी एक हातमोजा बनवला होता. छायादेहाच्या नसांना जे जाणवे, ते तो घालणाऱ्याच्या नसांना हलक्या विद्युतलहरींनी जाणवून देई. इजा काही नाही, तासाभरात सगळं पूर्ववत. नियम असा, की जो आग्रह करील त्याने आधी हा मोजा घालायचा. कितीतरी मुलगे आणि जावई तो काढून बाहेर आले ते आग्रह सोडूनच, आणि रुग्णांनी आपलं आपण ठरवलं. या मोज्याचं सगळीकडे कौतुक होई, आणि ते योग्यच होतं.

डॉक्टरांनी दोघींना मोज्याबद्दल सांगितलं. "पण लहान मुलांना नाही देत आम्ही तो," ते म्हणाले.

"आग्रह मीच केलाय ना? आजीला दुसरं कोण आहे?"

"घाला तिला," चांगुणाबाई म्हणाल्या. "ती माझ्याशी खोटं बोलत नाही. तिला सोसलं, तर मलाही सोसेल. मग चार घेईन."

आतल्या खोलीत डॉक्टरांनी अगदी कमी जोरावर मोजा चालू केला आणि गार पाण्याचं भांडं पुढे ठेवलं. साजिरीने हात बुडवला. पाण्यात जणू काचेचा चुरा होता, आणि तो बोटांतून कोपरापर्यंत चढत गेला. तिने ओठ दाताखाली धरला.

"काढू?"

"नको. आजीला असं किती दिवस?"

"प्रत्येक खेपेनंतर काही दिवस. दर पंधरवड्याला एक खेप." त्यांनी मोजा हळूच काढला. "बाहेर जाऊन खरं ते सांग हं, बाळ. त्यासाठीच तर हा आहे."

बाहेर बाकावर चांगुणाबाई बर्फ घातलेल्या कोकम सरबताचा पेला घेऊन बसल्या होत्या. "घे, घसा सुकला असेल. काय लागलं गो हाताला?"

डॉक्टर दारात उभे होते. बोटांतली कळ अजून तासभर जायची नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

साजिरीने त्याच हातात पेला घेतला. "काही नाही गं, नुसत्या मुंग्या येतात," ती म्हणाली, आणि आजीच्या डोळ्यांत बघत, घोट घोट करत, पेला रिकामा होईपर्यंत तिने तो दुसऱ्या हातात घेतला नाही.