अर्धे शेक

कचेरी उघडते न उघडते तोच बसवराज आत शिरला. पायातली चप्पल काढायचंही भान नाही.

“माझ्या पोरीची सोयरीक मोडली, डॉक्टरीणबाई! तुमच्यातल्या कुणी तोंड उघडलं?”

डॉक्टर तरन्नुम चहाचा कप तसाच ठेवून उभी राहिली. बीडमधली ही कर्करोग नोंदणी अजून नवी होती. खेड्यापाड्यांत कुणाला हा आजार झाला, उपचार मिळाले का, हे लिहून ठेवायचं आणि कुणाला कळू द्यायचं नाही, एवढंच काम. आणि आता हे!

बसवराजचं नेकनूरला बांगड्यांचं दुकान. बायको गंगासागर हिला गर्भपिशवीचा कर्करोग. मुलगी अपेक्षा, तिचं आष्टीच्या रुद्रेशशी ठरलं होतं. नवरा मुलगा वाळूजच्या कारखान्यात पर्मनंट. असली स्थळं काय रस्त्यावर पडलीत?

“गंगासागर काय म्हणतात?”

“हाय खाल्ली तिनं. म्हणती, माझी बातमी कुणी फोडली ते सांगा, तवर दवाखान्याची पायरी चढणार न्हाई. बाई, मरंल हो ती!”

हा आजार कुणासाठी थांबत नाही, हे तरन्नुमइतकं कुणाला ठाऊक?

बसवराज गेल्यावर साखराबाई डोळ्यांना पदर लावून बसली. नोंदणीसाठी घरोघर जाणारी ती हीच. बायकांशी बोलायचं कसं, ते तरन्नुम तिच्याकडूनच शिकली होती.

“तोंडात किडे पडोत मेल्याच्या! गंगी मला अक्का म्हणती हो. आता कोणत्या तोंडानं तिच्या दारात जाऊ? त्या जमीललाच विचारा. ड्रायव्हर लोकांचं काय सांगावं!” नाक पुसत ती उठली. “अन बाई, रविवारी माझी सुट्टी हाय बरं का. भाचीचा साखरपुडा.”

तरन्नुमनं आधी कपाट तपासलं. कार्डांवर नुसते नंबर. कुणाचा कुठला नंबर, ती वही कुलपात, आणि किल्ली तिच्याच गळ्यात. गंगासागरच्या कार्डावर उपचाराचा रकाना कोरा होता. दवाखान्याचं पत्र आल्याशिवाय तो भरायचाच नाही, असा नियम.

मग जमीलला बोलावलं.

“जमीलभाई, खरं सांगा. तुम्ही कुठं काही बोललात?”

“खुदा कसम, बाई! कोण आजारी हाय अन कुणाचं घर कुठलं, मला काय माहीत? जीप येशीपाशी लावायची, अक्का पायी जाणार, हे तुमीच ठरवलंय ना? मी आपला शेंगा खात बसतो.”

खरं होतं. तो नियम तिनंच केला होता.

दुपारी ती आष्टीला पोचली. रुद्रेशचे वडील सुंदरराव यांच्या ओसरीवर बायका नारळ आणि खण वेगळे काढत बसल्या होत्या.

“लवकर बोला, बाई. रविवारी कार्यक्रम हाय घरात.”

“सोयरीक का मोडली?”

“पोरीच्या आईचा क्यान्सर लपवला कावून? दिवाळीपासून सोलापूरला शेक चालू हायत, अर्धे झाले, अन आमाला पत्ता न्हाई!”

शेक म्हणजे मशिनीखाली झोपवून देतात ते किरण. तरन्नुम जरा थबकली.

“अर्धे झाले, हे कुणी सांगितलं?”

“घरच्यासारखं माणूस हाय. नाव इचारू नका.” सुंदररावांनी हात जोडले. बोलणं संपलं.

परतताना तिनं एसटीडी बूथवरून सोलापूरच्या दवाखान्यात फोन लावला.

“नेकनूरच्या गंगासागर?” तिकडचे डॉक्टर म्हणाले. “तपासणीनंतर त्या फिरकल्याच नाहीत. पाठवा त्यांना, लवकर पाठवा.”

दुसऱ्या दिवशी ती साखराबाईला बरोबर घेऊन नेकनूरला गेली. गंगासागर भिंतीला टेकून बसली होती. साखराबाई तिच्या शेजारी बसली आणि पाठीवरून हात फिरवू लागली.

“गंगासागर, शेक किती झाले?”

गंगासागरनं चोरट्या नजरेनं साखराबाईकडं बघितलं. मान खाली घातली.

“एकबी न्हाई.”

साखराबाईचा हात पाठीवरच थांबला.

“मग अर्धे झाले, असं कुणाला सांगितलं होतं?”

“अक्काला. पोरीचं लगीन होस्तवर कशी जाऊ, बाई? सोयऱ्यांना कळलं असतं. पण अक्का रोज काकुळतीला यायची. तिचा जीव नको तुटायला, म्हणून खोटंच बोलले.”

“दुसऱ्या कुणाला?”

“कुणालाच न्हाई.”

तरन्नुम साखराबाईकडं वळली. आवाज चढू नये म्हणून तिला फार जपावं लागत होतं.

“शेजारपाजाऱ्यांना आजाराचा वास लागला असेल, असं धरू. पण त्यांना दिसत होतं, ही घर सोडून कुठं गेली नाही. दवाखान्याला ठाऊक होतं, ही आलीच नाही. कार्ड कोरं आहे. मग सुंदररावांच्या कानात अर्धे शेक घातले कुणी? हे खोटं एकाच माणसाला खरं वाटत होतं, मावशी. ज्याला ते सांगितलं, त्याला.”

“डोकं फिरलं का तुमचं! मला त्यातून काय मिळायचं?”

“रविवारी तुमच्या भाचीचा साखरपुडा. सुंदररावांकडंही रविवारीच कार्यक्रम. भाचीचा नवरा मुलगा कोण, मावशी?”

साखराबाईचा चेहरा पडला. मग ती एकदम उसळली.

“तिला बाप न्हाई! किती स्थळं आली अन गेली! हिची अपेक्षा गोरीपान हाय, तिला कुणीबी करंल. माझ्या भाचीला कोण इचारतंय?”

गंगासागर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“आईजवळ बोलले न्हाई ते तुझ्याजवळ बोलले, अक्का. लुगडं सोडून दुखणं दावलं तुला. कावून केलंस गं असं?”

साखराबाईनं पिशवी उचलली आणि ती मागं न बघता बाहेर पडली. तरन्नुमला स्वतःचीच लाज वाटली. या घराचं दार साखराबाईला नोंदणीनंच उघडून दिलं होतं.

बातमी कुणी फोडली ते कळलं, तसा गंगासागरनं शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी ती तरन्नुमबरोबर जीपनं सोलापूरला गेली. दवाखान्याच्या खिडकीशी कारकुनानं विचारलं, “आधीचा कागद?”

कागद तिच्या पदराखालीच होता.

“न्हाई. नवा काढा.”

“नाव?”

“साखराबाई.”

“गाव?”

“आष्टी.”

शेजारी उभ्या असलेल्या तरन्नुमनं तोंड उघडलं. खऱ्या नावावर तर तिची अख्खी नोंदणी चालत होती. “बातमी फुटलीच तर आता तिच्या नावानं फुटू दे,” गंगासागर पुटपुटली, आणि तरन्नुमनं तोंड मिटून घेतलं. आतल्या डॉक्टरांना खरं नाव तेवढं कानात सांगावं लागणार होतं.

कारकुनानं नाव लिहून घेतलं.