पाण्यात उतरलेली गाडीवाट

"पुन्हा तोच चिखल. बाकीच्यांच्या आया क्रूझला जातात," शेजारच्या सीटवर स्वानंदी पुटपुटली.

लेक माझी. मला ऐकू यावं म्हणूनच पुटपुटते.

पुढचं सगळं तिनंही पाहिलंय, म्हणून लिहायचं धाडस करतेय. थापा वाटल्या तर खुशाल वाटू देत. मोजणीचा तो पोल आजही गॅरेजमध्ये आहे. त्याच्याकडे पाठ करून मी उभी राहत नाही.

गेल्या ऑक्टोबरातला रविवार. दुपारचे चार. नेवाडाच्या वाळवंटातलं एक धरण.

शिक्षण माझं बी.कॉम. नकाशे मी व्हिडिओ बघून शिकले. दरवर्षी इथलं पाणी खाली जातं. मी काठाची नवी रेषा मोजते आणि धरणाआधीच्या, नव्वद वर्षांपूर्वीच्या नकाशावर बसवते. पोल रोवायचा, वरचं यंत्र 'टिक' करेपर्यंत थांबायचं, मग वीस पावलं पुढं.

पोल मनोहर धरायचा. माझा नवरा. प्रत्येक जागी दोनदा रोवायचा. घराचं कुलूपही दोनदा ओढून बघणारा माणूस.

चार वर्षांपूर्वी इथंच त्याची बोट उलटली. घरात आम्ही 'सापडला नाही' एवढंच म्हणतो. सापडेपर्यंत मी मोजणार होते. कोण अडवतंय बघू.

त्या दिवशी अचानक वारा पडला...

चिखल त्याच आठवड्यात उघडा पडलेला. त्यावर पक्ष्याचं पाऊलसुद्धा नव्हतं.

फक्त पोलच्या टोकाएवढी भोकं होती...

दोन-दोन. वीस-वीस पावलांवर.

मी टॅब उघडला. जुन्या नकाशात नदीकाठानं एक गाडीवाट जाते. जमिनीवर तिचा मागमूस नाही. भोकं बरोबर तिच्यावर.

वाट पाण्यात उतरत होती. भोकंही.

मी गुडघाभर पाण्यात गेले. पोल रोवला.

टिक.

उपसायला गेले...

खालून कुणीतरी धरला होता.

चिखलाची ओढ मला माहीत आहे. ही मूठ होती. पोल माझ्या हातासकट वर उचलला गेला... आणि पुन्हा रोवला गेला.

टिक.

मग तो पुढं सरकला. मीही. पाणी कमरेला आलं.

"आई, कम बॅक," स्वानंदी मागून म्हणत होती.

खरं सांगते, मला सोडायचाच नव्हता. चार वर्षांनी तो वीस पावलांवर होता.

मग पाण्याचा आवाज आला म्हणून वळून पाहिलं. पोहता न येणारी माझी पोर बुटांसकट पाण्यात शिरली होती.

तेव्हा मला राग आला. चार वर्षांचा.

"मनोहर," मी म्हणाले, "तू मेलायस. पोल सोड. आम्हाला घरी जायचंय."