आधी येऊन गेलेले

मोम्बासाला जायचं हे ठरायला एक संध्याकाळ पुरली. मोम्बासात राहायचं कुठं, यावर मात्र ओंबातीच्या घरात पावसाळाभर भांडण चाललं.

ओंबाती किसी गावाकडच्या डोंगरातून चहाच्या पानांचा ट्रक चालवायचा. त्याचं म्हणणं, राहायचं तर न्यालीत. रुंद रस्ते, फाटकाला रखवालदार, गाडी लावायला ऐसपैस जागा.

"आपल्याकडे गाडी कुठाय?" बायको विचारायची.

"नसू दे. जागा तर असू दे!"

थोरली बोसिबोरी पंधरा वर्षांची. तिला बांबुरीच हवं होतं, कारण तिथं दाराबाहेर पाय टाकला की वाळू, आणि वर्गातल्या मैत्रिणींनी तिथले फोटो टाकून तिचा जीव खाल्ला होता. मुलींची आई केमुन्तो घरी शाळेचे गणवेश शिवायची. तिचं मन जुन्या शहरावर बसलं होतं. नक्षीची दारं, हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील अशा गल्ल्या, धुपाचा वास. धाकट्या न्यान्चेराला कुणी विचारलंच नव्हतं. ती पाच वर्षांची होती आणि न विचारताच सांगायची, "मला उंटाच्या घरी राहायचंय."

शेवटी ओंबातीनं तोडगा काढला. "आगाऊ कुणालाच काही कळवायचं नाही. उतरल्यावर एक टुकटुक रिक्षा करू, तिन्ही वस्त्या डोळ्यांनी बघू, आणि दिवस मावळायच्या आत काय ते ठरवू. मग मात्र कुणी तोंड वाकडं करायचं नाही."

डिसेंबरात शाळा सुटल्या आणि ते निघाले. नैरोबीहून गाडीत बसल्यापासून चौघांपैकी कुणाचंच जागेवर बूड टेकलं नाही. तांबड्या मातीच्या मुलखात हत्ती दिसले तेव्हा सगळा डबा एका बाजूच्या खिडक्यांवर लोटला. त्या गर्दीत कुणाचा तरी पाय पडून केमुन्तोच्या चपलेचा पट्टा तुटला. पिशवीत कापडाच्या चिंध्या असायच्याच. त्यातली एक हिरवी चिंधी काढून तिनं चप्पल पायाला बांधली.

"हत्ती बघायला गेली आणि चप्पल गमावली," ओंबाती म्हणाला.

"तुम्ही डोक्यावरची टोपी सांभाळा," ती म्हणाली, आणि दोघंही खिदळले.

मोम्बासात उतरले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. टुकटुकवाला भेटला तो काझुंगु नावाचा, जाडजूड आणि बडबड्या.

"कुठले पाव्हणे?"

"किसीचे."

"मग केळ्यांचा घड कुठाय? किसीचा माणूस रिकाम्या हातानं आला, असं आज पहिल्यांदाच बघतोय!"

त्याच्याशी संध्याकाळपर्यंतचं ठरलं. काझुंगुनं आधी लांबचं ठिकाण घेतलं, बांबुरी. खारा वारा तोंडावर आला तशी बोसिबोरी टुकटुकीतून अर्धी बाहेर लोंबकळायला लागली. तिनं निवडून ठेवलेलं घर नारळाच्या झाडांत होतं. फाटकाशी खुर्ची टाकून एक म्हातारा रखवालदार बसला होता. त्यानं मान वर केली आणि आपल्या माणसाला हसावं तसा हसला.

"परत आलात? न्याली नाही वाटतं आवडलं?"

"आत्ताच येतोय बाबा," ओंबाती म्हणाला. "घर बघायचंय."

"कितीदा बघाल? मघाशी गच्चीपर्यंत जाऊन आलात की. हाच चौकड्यांचा शर्ट, हीच टोपी." मग त्याची नजर खाली केमुन्तोच्या पायाकडे गेली. "आणि बाई, ती चिंधी अजून तशीच? मोची कोपऱ्यावरच बसतो म्हणून सांगितलं होतं मी."

केमुन्तोनं पायाकडे पाहिलं. पट्टा तुटल्यापासून ती गाडीत आणि टुकटुकीत, दोनच ठिकाणी बसली होती.

ओंबातीला हसू आवरेना. "बघ! इथल्या लोकांना आपण डोंगरातले सगळे सारखेच दिसतो." बोसिबोरी तर नाचायलाच लागली. "आई, आपल्यासारखंच दुसरं कुटुंब! तिच्याही चपलेला हिरवी चिंधी! चला ना, पकडू या त्यांना. फोटो काढू एकत्र!"

"माझ्यासारख्या दिसणाऱ्याला मी चहा पाजणार," ओंबाती म्हणाला. "बिचाऱ्यानं काय काय सोसलं असेल ते मलाच ठाऊक."

काझुंगुला तर असलं काही हवंच होतं. घर बघायचं राहिलंच. त्यानं टुकटुक अशी पिटाळली की न्यान्चेरा आईच्या मांडीवर उसळून उसळून किंचाळायला लागली, आनंदानं. केमुन्तोही हसली. सुट्टीच्या पहिल्याच दिवशी आपली माणसं इतकी खुशीत आहेत, तर आपण कशाला उगाच मनाला लावून घ्यायचं? पण हात मात्र तिनं पोरीच्या पोटाभोवती आवळून धरला होता.

न्यालीत रस्ते रुंदच होते. दुतर्फा बोगनवेल, आणि त्या कलत्या उन्हात रस्त्यावर चिटपाखरू नाही. घर दाखवणारी बाई पिवळ्या ओढणीची, मोठी हसतमुख होती. तिनं दार उघडलं, आणि ओंबातीकडे किंवा केमुन्तोकडे न बघता ती खाली वाकली. न्यान्चेराचा गाल धरून म्हणाली, "आली का गं शेवटी? कुठं राहिली होतीस?"

"कुणाला म्हणताय?" केमुन्तोनं विचारलं.

"तुमच्या धाकटीला! मघाशी मी विचारलं, तिघंच का? तर तुम्हीच म्हणालात... धाकटी मागून येतेय."

टुकटुकीचं इंजिन बंद झालं होतं. कुठंतरी पंप घरघरत होता, तेवढाच आवाज.

"मी म्हणाले?"

"तुम्हीच. छोटा पलंग आहे का विचारलंत, आत जाऊन गादी दाबून बघितलीत." ती बाई त्यांना आत घेऊन गेली. मागच्या खोलीत भिंतीला लागून एक लहानसा पलंग होता. चादर ताठ अंथरलेली, आणि मधोमध पंजाचा खळगा. केमुन्तोनं पुढं होऊन आपला हात त्याच्यावर धरला, टेकवला नाही. बोटं बोटांवर बसत होती. करंगळी जराशी वाकडी, तीसुद्धा.

ओंबाती हसला, पण हसू जरा उशिरा आलं. "गंमतच आहे. आणि गेले कुठं आम्ही?"

"जुन्या शहरात. बी म्वानाजुमांकडे जातो म्हणालात."

ओंबातीनं बायकोकडे पाहिलं. "ही कोण बी म्वानाजुमा?"

केमुन्तोनं न्यान्चेराला जवळ ओढलं. जुन्या शहरात खोल्या भाड्यानं देणाऱ्या बाईचं ते नाव तिला एका गिऱ्हाइकानं दिलं होतं, आणि ऐन वेळी सगळ्यांना चकित करायचं म्हणून तिनं ते घरात कुणापाशीच काढलं नव्हतं. अगदी नवऱ्यापाशीही नाही.

"इथंच राहू," ती म्हणाली. "नाहीतर परत फिरू. मला नाही जायचं तिकडं."

"आई! तुझीच तर निवड!" बोसिबोरीचे डोळे चमकत होते. "इतक्या जवळ आल्यावर?" ओंबातीही पेटला होता. स्वतःचं तोंड समोरून बघायची संधी माणसाला किती वेळा मिळते? आणि खरं सांगायचं, तर केमुन्तोलाही जायचंच होतं. भीती होती, पण त्या भीतीला एक ओढ होती. उंच कड्याशी गेल्यावर खाली डोकावल्याशिवाय राहवत नाही, तशी.

ते पूल ओलांडून जुनं शहर असलेल्या बेटावर आले तेव्हा मशिदीतून दिवस मावळतानाची, मगरिबची बांग चालू झाली होती. जुन्या शहराच्या गल्लीत टुकटुक मावेना. काझुंगु तोंडाशीच थांबला. पुढं चौघं चालत गेले. वर दोन भिंतींच्या मध्ये आभाळाची एक जांभळी चिरी उरली होती. तळलेल्या बटाट्यांचा वास, धुपाचा वास, आणि त्याखाली समुद्राचा, ओल्या दोरखंडासारखा.

बी म्वानाजुमा दारातच उभी होती. काळ्या बुरख्यातली, मेंदीच्या बोटांची म्हातारी. तिचं लक्ष फक्त न्यान्चेराकडे होतं.

"आलीस बाळ?" ती हळूच म्हणाली. "वर वाट बघून थकले सगळे."

दाराआड लगेच जिना होता, अरुंद, उभा, वर काळोखात वळलेला. कुणी काही बोलायच्या आत वरच्या मजल्यावर पावलं वाजली. एक पाऊल नीट पडत होतं. दुसऱ्याची चप्पल सैल होती... टप्, फट्. टप्, फट्. मग एक पुरुष मोठ्यानं हसला. केमुन्तोनं वळून नवऱ्याकडे पाहिलं. ओंबातीचं तोंड घट्ट मिटलेलं होतं. बोसिबोरीनं बापाची बाही धरली होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचा सगळा खेळ ओसरला होता.

"न्यान्चेरा..." वरून हाक आली. "ये गं बाळा... इथं आहे मी."

घरच्या बोलीत. केमुन्तोच्याच आवाजात. ताप आलेल्या पोरीला उठवताना ती लावायची तसा मऊ आवाज.

"आई बोलावतेय," न्यान्चेरा म्हणाली, आणि हात सोडवून जिना चढायला लागली.

केमुन्तोनं हाक मारायला तोंड उघडलं. तिनं "नको" म्हणायच्या आधीच वरून "नको" ऐकू आलं. "नको थांबूस... चढ." ओंबाती पुढं धावला, पण जिना एका माणसापुरताच होता आणि केमुन्तो त्याच्या आधी आत शिरली होती. ती आता काहीच बोलली नाही. आपण जे बोलू ते वरची आधी बोलणार, हे तिला कळून चुकलं होतं. तिनं चिंधीची गाठ ओढून सोडली, चपला पायातून झाडल्या आणि अनवाणी, मुकाट्यानं, हातांवर वाकून ती पोरीच्या मागं चढली.

वळणावर अगदी काळोख होता. तिनं चाचपडत न्यान्चेराचा फ्रॉक पकडला, मग कंबर. ओढलं. पोर हलेना. पोरीचा दुसरा हात कुणाच्या तरी हातात होता.

केमुन्तोचा हात पुढं सरकला आणि त्या हाताला लागला. गार असेल असं तिला वाटलं होतं. तो गार नव्हता. ऊबदार होता, घामानं जरासा ओला. तर्जनीच्या टोकाला सुईनं टोचून टोचून कातडी खरखरीत झालेली.

कानाशी श्वास आला. दमलेल्या बाईचा.

"तुझ्यापाशी तर रोजच असते..." ती कुजबुजली.

केमुन्तोनं उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर काय दिलं असतं, हा विचार तिला पुढं कितीतरी दिवस छळत होता. तिनं फक्त ती खरखरीत बोटं एकेक करून उचकटली. बाळाच्या मुठीतून कात्री काढून घेतात, तशी. शेवटचं बोट आपणहून सुटलं.

ती पोरीला छातीशी धरून गल्लीत आली तेव्हा बी म्वानाजुमा बाजूला सरली, भांबावून तिच्याकडे आणि जिन्याकडे आळीपाळीनं बघत. चौघंही धावले. केमुन्तोच्या चपला तिथंच राहिल्या. गल्लीच्या तोंडाशी काझुंगु मक्याचं कणीस खात उभा होता.

"सापडले का जुळे? आता कुठं? बोला!"

"बोलायचं नाही," केमुन्तो म्हणाली. "कुणीच नाव घ्यायचं नाही. मनातसुद्धा नाही. दादा, आमच्यापैकी कुणाला सुचणारही नाही अशा जागी ने. आम्हाला सांगू नकोस."

काझुंगुनं तिच्या अनवाणी पायांकडे पाहिलं, कणीस टाकलं, आणि पहिल्यांदाच काही न बोलता टुकटुक चालू केली.

त्यानं त्यांना आपल्याच घरी नेलं, किसाउनीत. पत्र्याचं छप्पर, अंगणात कोंबड्या, शेजारी चर्चच्या भजनांचा कर्णा. कुठलाही पाहुणा स्वतः होऊन निवडेल अशी ती वस्ती नव्हे. त्याच्या बायकोनं दारात त्यांना पाहिलं आणि विचारलं, "ही कोण माणसं?" तो प्रश्न ऐकून केमुन्तो रडायलाच लागली. आयुष्यात तिला इतकं गोड कुणी काही विचारलं नव्हतं.

आणि सुट्टी झाली! अशी झाली की विचारू नका. रोज सकाळी काझुंगु त्यांना टुकटुकीत भरायचा आणि वाटेत मनाला येईल तिथं वळायचा. समुद्र बघून ओंबाती टोपीसकट पाण्यात शिरला. बोसिबोरी पोहायला शिकली. केमुन्तोनं नारळाच्या दुधातला मासा करायला घेतला आणि काझुंगुच्या बायकोकडून पोटभर टोमणे खाल्ले. न्यान्चेरा उंटावर बसली, उतरायला तयार होईना. त्या जिन्याची गोष्ट कुणी काढली नाही. आठवडा संपता संपता ओंबाती म्हणायलाही लागला, की एखादी म्हातारी, एखादा चेष्टेखोर भाडेकरू... असतं एकेक. केमुन्तो मान डोलवायची.

परतताना नैरोबीहून बस मिळाली. किसीत पोचले तेव्हा दुपार टळून गेली होती. पाऊस नुकताच पडून गेला होता, केळीची पानं निथळत होती. चढणीवर चौघंही गाणं म्हणत होते. शेजारच्या मोराबाई कुंपणापाशी घास कापत होत्या. त्यांनी कपाळावर हात धरून पाहिलं, आणि विळा तसाच हातात राहिला.

"बाजारात गेला होतात की काय सगळी?"

"बाजारात?" ओंबाती हसला. "मोम्बासाहून येतोय काकू! आत्ता, या पावली!"

"मोम्बासाहून तर परवा आलात," मोराबाई म्हणाल्या. "सकाळीच तुझ्या बायकोनं माझ्याकडून मीठ नेलं." मग त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी न्यान्चेराला जवळ ओढून पोटाशी धरलं. "बरं झालं बाई, ही आली. परवापासून विचारतेय मी, पोर कुठाय, पोर कुठाय..."

केमुन्तोनं घराकडे पाहिलं. स्वयंपाकघराच्या छपरातून धूर निघत होता, सरळ, निवांत. भाजी शिजल्याचा वास कुंपणापर्यंत आला होता. अंगणात, दाराच्या समोर, कुणीतरी एक लहानसं स्टूल आणून ठेवलं होतं. तसलं स्टूल त्यांच्या घरात कधीच नव्हतं.