दुसऱ्या गावचं ‘समजलं’

सास्तूरच्या थांब्यावर माकणीच्या गाडीची वाट बघत राजनंदिनी उभी होती, आणि मागच्या बाकावर बसलेला एक अनोळखी तरुण तिचंच वाक्य मोठ्यानं वाचत होता.

“काका, नीट ऐका. ‘गॅस म्हणजे गिरणीवाल्याला दळणाचे द्यायचे पैसे. दाणे आपले, पीठ आपलं, पण गिरणी त्याची.’ समजलं का?”

शेजारच्या म्हाताऱ्यानं फेटा मागं सारला. “म्हंजे काय बी केलं की द्यायचे?”

“व्हय. पेरलं तरी, इकलं तरी.”

“मंग नगं बाबा. ठेव तो फोन खिशात.”

राजनंदिनीला हसू आवरेना. शहाण्या मुलीनं थांब्यावर परक्याच्या बोलण्यात तोंड घालू नये, हे तिला घरातून शंभरदा सांगून झालेलं. तरी ती वळलीच.

“पुढची ओळ राहिली,” ती म्हणाली. “‘गिरणीवर गर्दी असली की दर चढतो. घाई नसेल तर दुपारी जावं.’”

त्यानं फोनकडं पाहिलं. मग तिच्याकडं. उतरतं ऊन तिच्या चेहऱ्यावर पडलं होतं आणि ओढणीचं टोक वाऱ्यानं सारखं खांद्यावरून घसरत होतं.

“तुमी… राजमाकणी?”

“व्हय.”

“अरे देवा. दोन वर्षं झाली, मी तुमाला दादा म्हणायलोय.”

“म्हणा की. आता सवय झालीय मला.”

तो कानापर्यंत लाल झाला, आणि तेवढ्यानंच तिला तो ओळखीचा वाटायला लागला. हा तर गटावर तिला ‘दादा’ म्हणणारा ‘तेरणाकाठ’.

फोनवरचा एक खेळ होता, ग्रॅनेरिया नावाचा. त्यात जमिनीचा तुकडा घ्यायचा, पेरायचं, पीक विकून त्या खेळाची नाणी मिळवायची. सगळं ब्लॉकचेनवर, आणि तिथल्या प्रत्येक व्यवहाराला ‘गॅस’ नावाचं शुल्क. राजनंदिनीनं ब्लॉकचेनचं मराठी असं केलं होतं: चव्हाट्यावर लिहिलेला सातबारा, गावातल्या सगळ्यांनी उतरवून घेतलेला, म्हणून एकट्या माणसाला खोडता न येणारा. लोहाऱ्याच्या बी-बियाणांच्या दुकानात काम करता करता ती स्वतः हा खेळ शिकली. मग अडलेल्यांसाठी खेळणाऱ्यांच्या फोनवरच्या गटात इंग्रजी शब्दांचा मराठी कोश मांडला. गटात सगळे पुरुष. मुलीचं नाव दिसलं की नसते मेसेज येतात, म्हणून तिनं ‘राजमाकणी’ नाव घेतलं आणि कुणाचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडली नाही.

कोशाचा नियम एकच. एकानं शब्द लिहायचा. तो दुसऱ्या गावच्या, खेळ न खेळणाऱ्या माणसाला कुणीतरी वाचून दाखवायचा. त्याला कळलं, तर खाली ‘समजलं’ असं लिहायचं. मगच शब्द पक्का.

सुरुवातीला वाचून दाखवणारे पुष्कळ होते. खेळाची नाणी घसरली तसे एकेक पांगले. राहिला तो तेरणाकाठ. रोज दिवेलागणीला त्याचा निरोप यायचा: ‘दादा, काकांना दुसरी ओळ कळली न्हाय. बैलाचं उदाहरण घालून बघा.’ राजनंदिनी चुलीपुढं भाकरी थापत असली तरी तिचा एक कान फोनकडं असायचा. भाकरी करपली की आई म्हणायची, “ध्यान कुठाय गं?” ध्यान कुठं होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि गेल्या आठवड्यात तिनंच गटावर लिहिलं होतं: ‘महिनाअखेर कोश बंद करावा असं वाटतं.’ बाकीच्यांनी होकाराचे अंगठे टाकले. तेरणाकाठ गप्प होता.

“माझ्या निरोपाला उत्तर दिलं न्हाय तुमी,” ती म्हणाली.

“वाचायलोय अजून.”

“एकच तर ओळ होती.”

“अवघड होती,” तो म्हणाला, आणि यावेळी त्यानं नजर खाली घेतली नाही.

गाडी धूळ उडवत आली. “मी गौरीशंकर,” तो घाईनं म्हणाला. “रविवारी इथं सास्तूरलाच आमच्या रानात हुरडा हाय. मैत्रिणीला घेऊन या. तिथं बोलू.”

“ये गं पोरी,” फेटेवाले अण्णारावकाका म्हणाले. “कणसं झ्याक भरलीत.”

रविवारी ती दुकानातल्या उझमाला घेऊन गेली. ज्वारी डोक्याच्या वर होती. आगटीत गोवऱ्या धुमसत होत्या आणि भाजल्या कणसांचा वास बांधापर्यंत आला होता. उझमानं लसणाच्या चटणीची वाटी पुढं ओढली, काकांना “तुमच्या तरुणपणी कसं होतं हो?” असं विचारलं आणि त्या दोघांकडं पाठ करून बसली. मैत्रीण असावी तर अशी.

हुरड्याची रीत अशी, की भाजणाऱ्यानं आधी पाहुण्याला द्यायचं. गौरीशंकरनं गरम कणीस तळव्यांत चोळलं, फुंकर मारून भुसा उडवला आणि हिरवे दाणे तिच्या ओंजळीत ओतले. त्याची बोटं तिच्या तळव्याला लागली… दाणे गरम होते, का आणखी काही, हे तिनं स्वतःलाच विचारलं नाही.

“आता सांगा,” तो म्हणाला. “बंद का करायचं?”

“आमच्या गल्लीतला बजरंग. म्हणाला, ‘अक्का, तुमी लिहिलेलं वाचून सोपं वाटलं, म्हणून शिरलो.’ शेळ्या विकून घातलेले पैसे बुडाले त्याचे.” तिचा आवाज खाली आला. “शब्द सोपा केला की माणसाला खेळच सोपा वाटतो. मला रात्री झोप लागंना.”

“अन् माझे काका मागं फिरले ते?”

“ते तुमी शेजारी बसून वाचलं म्हणून. सगळ्यांच्या शेजारी तुमी बसणार हाव का?”

त्यानं काठीनं निखारे सारखे केले.

“बरोबर हाय तुमचं,” तो म्हणाला. “पहिल्या दिवशीच वाटलं होतं, कारण मोठं असंल. पण ‘समजलं’ लिहायला हात होईना. आधी वाटलं, दादाची सवय मोडंल.”

“अन् आता?”

“थांब्यापासनं कारण बदललंय.”

उझमाची पाठ हलली. ती हसत असावी.

राजनंदिनी ओंजळीतले दाणे बघत होती. “माझं कारण मात्र पहिल्यापासनं तेच हाय,” ती हळूच म्हणाली. “बंद करावा म्हणून लिहिलं, अन् तुमच्या उत्तराची वाट बघत बसले. यावं असं बी वाटायचं… येऊ नये असं बी. कोश मिटला की संध्याकाळी तुमी कशाला लिहाल मला?”

त्यानं फोन काढला. काहीतरी टाइप केलं. तिच्या पिशवीतला फोन वाजला. तिनं पाहिलं: ‘समजलं.’

मागितलेलंच मिळालं होतं, तरी तिनं तो शब्द दोनदा वाचला. दोन वर्षांच्या संध्याकाळी एका शब्दात आटोपल्या.

“आहे ते राहू देते,” ती सावरून म्हणाली. “वर लिहिते, ‘इथून पुढं नवे शब्द नाहीत. वाचताना शेजारी जाणत्या माणसाला बसवा.’”

“चांगलं हाय.” त्यानं फोन खिशात घातला. “कामाचं बोलणं संपलं. आता बिनकामाचं बोलतो. मला तुमी आवडता… लई. रोज संध्याकाळी बोलावं वाटतं, अन् त्याला निमित्त नको वाटतं.”

वारा आला, ज्वारीची पानं सळसळली. राजनंदिनीनं ओढणी सावरली आणि हसू दाबून चेहरा गंभीर केला.

“हे एकाच गावानं लिहिलं. नियम ठाऊक हाय ना?”

“दुसऱ्या गावच्या माणसाला वाचून दाखवायचं,” तो सावकाश म्हणाला. “न खेळणाऱ्या.”

“आमचे आप्पा खेळत न्हाईत. माकणीचे हाईत. संध्याकाळी घरीच असतात.”

तिच्या वडिलांच्या, बब्रुवानआप्पांच्या, दरारा बसवणाऱ्या मिशांबद्दल त्यानं ऐकलं नव्हतं, हे बरंच झालं. तरी त्याच्या हातातलं कणीस आगटीत पडलं.

“त्यांना कळलं न्हाय तर?”

“सोपं करून परत सांगायचं. दोन वर्षं दुसरं काय केलं आपण?”

त्यानं कणीस बाहेर काढलं, चोळलं, फुंकलं. हात पुढं केला, पण दाणे लगेच ओतले नाहीत.

“अन् तुमाला?” त्यानं विचारलं. “तुमाला समजलं का?”

तिनं ओंजळ त्याच्या हाताखाली धरली.

“पहिल्या वाचनातच,” ती म्हणाली.